सुताराच्या दारात काकवी

बनुबाई,

आधी खाली उतरा, मग बोलू. सत्तरीला टेकलेली बाई भर उन्हात बांबूच्या शिडीवर चढून नारळाच्या वाळक्या खोडाला काकवी चोपडते आहे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघते आहे आणि तरी मला खरं वाटत नाही. काकवी, बनुबाई! भाकरीबरोबर खायची ती! पायाखालची पायरी किती वाकलीय ते बघितलंत का? तुमचा सुनील टेम्पो घेऊन बाजारात गेलाय, तुमच्या यजमानांना, कानिफनाथांना, हाक ऐकू जात नाही आणि माझ्या गुडघ्याचं तुम्हाला माहीतच आहे. पडलात तर उचलणार कोण? आणि त्या ढोलीतून सुतारपक्ष्यानं डोकं बाहेर काढलंय, तोसुद्धा तुमच्याकडे थक्क होऊन बघतोय. तुम्हाला वेड लागलंय का, एवढं उलट टपाली कळवा.

असं हे पत्र सुचित्रा मुळ्यांनी लिहिलं ते मनातल्या मनात, मागच्या दारात चपला अडकवता अडकवता. ही तिची जुनी खोड. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची तेव्हा प्राचार्यांना, निवृत्त होऊन देवळाली प्रवऱ्यात घर बांधलं तेव्हा गवंड्याला, मग सुनेला, अशी तिची पत्रं मनात चालूच असत. टपालात मात्र एकही पडलं नाही, कारण मजकूर पुरा व्हायच्या आत तिचं तोंड सुटायचं.

आताही सुटलं. "बनुबाई! उतरा म्हणते ना!"

"आले, आले. वरडू नका बाई, ती बिचकंल."

"ती कोण?"

"सुतारीण. आत बसलीया."

दोन्ही अंगणांमधली भिंत एका जागी ढासळलेली होती, तिथून सुचित्रा पलीकडे गेली. बनुबाई काकवीचा डबा तान्ह्या पोरासारखा कडेवर घेऊन उतरली. हात चिकट, पदर चिकट, नाकाच्या शेंड्यावर काकवीचा ठिपका.

"हे काय चाललंय?"

"जेवाय वाढतीया."

"कुणाला?"

"सुतारांना. आता तुमी म्हनाल, पाखरू काकवी खात न्हाई. म्हाईत हाय मला. पर काकवीला मुंगळं येत्यात. आन् मुंगळं ही दोगं खात्यात. मंग?"

एम. एस्सी. झालेल्या बाईला या विचारात कुठे चूक सापडेना, याचाच तिला धक्का बसला.

बनुबाईबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी, नाहीतर ही बाई नुसती खुळी वाटायची. ती खुळी नव्हती. तिला कुणी उपाशी दिसलं की सहन होत नसे, मग ते माणूस असो, जनावर असो की पाखरू. तिचं माहेर पाथर्डीकडचं, कोरडं ठणठणीत. तिकडे लहानपणी पाहुणा ओट्यावर दिसला की आई मागच्या दारानं शेजारी पीठ मागायला पळे आणि पुढच्या दारात पाहुण्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचं काम बनुबाईकडे असे. पोरगी बोलत सुटायची, पाऊस, शेरडं, आजीचा खोकला, जे सुचेल ते, आणि कान सगळे मागच्या दाराकडे. लग्न होऊन ती प्रवरेच्या पाटपाण्यात आली. घरात दूध, बाजरी, गुऱ्हाळाचा गूळ. त्या दिवशी तिनं जे ताट वाढायला घेतलं ते खाली ठेवलंच नाही. बिलाच्या कसल्याशा घोळात वीज तोडायला वायरमन आला, त्याला हिनं आधी जेवायला बसवलं. तो पिठलं-भाकरी खाऊन खांबावर चढला आणि वीज तोडून गेला. घरचे चिडले, तर ही म्हणते, "उपाशी चढला आस्ता तर पडला आस्ता त्यो."

सुचित्राला हा छळच वाटे. 'मी जेवून आलेय' हे वाक्य त्या अंगणात चालतच नसे. साखर सोडलेल्या बाईच्या हातात ही लाडू ठेवणार आणि वर म्हणणार, "ह्यात साखर न्हाई, गूळ हाय." रसायनशास्त्राच्या बाईला!

असल्या बाईच्या परसात सोनपाठी सुताराचं जोडपं राहायला आलं आणि त्यांनी तिच्या ताटाला चोच लावली नाही. तिनं काय काय करून बघितलं! भाकरीचा कुस्करा झाला, शेंगदाणे झाले, भात झाला, पिकलं केळं झालं. साळुंक्या तुटून पडल्या, खारी पुष्ट झाल्या, पण सुतार आपला खोडाला चिकटून उभा. लाल तुरा, पाठ अशी की सोन्याचं पाणी दिलंय, आणि ती पाठ नेमकी बनुबाईकडे.

"माज बघा केवढा! ढुंकूनसुदिक बघंना."

"तो पक्षी तसाच बसतो, बनुबाई. खोडाकडे तोंड करून."

"जेवताना तरी वळावं की."

सुनील टेम्पोतून उतरता उतरता हाळी द्यायचा, "आई, मिस्तरी आले तुझे, चहा टाक!" निकिता, त्याची बायको, तोंडाला पदर लावून हसायची. बनुबाई हसत नसे. कारण गेल्या साली याच जोडप्यानं तिच्या शेवग्याच्या फांदीत घर केलं होतं आणि वळवाच्या वाऱ्यात ती फांदी मोडून अंडी अंगणात सांडली होती. तिनं कवचं पदरात गोळा केली होती. यंदा वीज पडून शेंडा जळालेल्या नारळात त्यांनी ढोली कोरली, तेव्हा तिनं भिंतीवरून सुचित्राला बजावून सांगितलं होतं, "ह्या टायमाला पिल्लं उडाल्याली बघनार मी. आन् माज्या दारातनं उपाशी उडायची न्हाईत, सांगून ठिवते."

एवढंच तिला हवं होतं. आणि मग ती काकवी.

आता सांगितलं तर खोटं वाटेल, पण युक्ती चालली! दुसऱ्या सकाळी खोडावर काळे मुंगळे रांगेनं चढत होते. नर सुतार आला, खोडावर टेकला, शेपटीचा टेकू दिला आणि चटाचट टिपायला लागला. चोच भरली की सरसर वर ढोलीत. पुन्हा खाली. बनुबाई दोन्ही हात जोडून उभी होती, आणि सुचित्रा, जिनं आयुष्यात कुणाच्या लग्नातसुद्धा डोळ्यांतून पाणी काढलं नाही, ती चष्मा पुसत होती.

"खाल्लं!" बनुबाई कुजबुजली. "बाई, खाल्लं माज्या हातचं!"

"तुमच्या हातचं नाही, मुंगळ्याच्या..." असं म्हणून सुचित्रा गप्प बसली. काही वेळा शास्त्र आवरतं घ्यावं.

मग रोजचंच झालं. सुचित्रा प्लास्टिकची खुर्ची घेऊन पलीकडे जायची. बनुबाई अर्ध्या शिडीवरून खोडाला बोटभर काकवी लावायची आणि दोघी बघत बसायच्या. अंड्यांतून पिल्लं निघाली ते आधी कानांना कळलं. खोडाला कान लावला की आत कुणीतरी लांबवर शिवणयंत्र चालवतंय असा आवाज. सुनीललाही ऐकवलं. एरवी टिंगल करणारा तो गडी कान लावून कितीतरी वेळ तसाच राहिला.

ऊन वाढलं. नर दमल्यासारखा वाटायला लागला, चोच उघडी टाकून बसायचा. बनुबाईच्या जिवाला चैन पडेना.

"येवढं खाली उतरायचं, परत वर जायचं. बाळंतिणीचं ताट कुनी चुलीपाशी ठिवतं का? दारात न्हेऊन द्यावं."

"म्हणजे?"

"वर लावते काकवी. ढोलीपाशी."

"वर लावा नाहीतर खाली लावा, पण ती शिडी बदला!" सुचित्रा कडाडली. "एक पायरी सुतळीनं बांधलीय, मी बघितलीय!"

भांडण झालं ते शिडीवरून. दुसरी शिडी आली, लोखंडी. काकवी वर गेली.

निकिताच्या भावाचं लग्न राहात्याला होतं. आदल्या दिवशी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न, म्हणजे एक मुक्काम. सगळं घर जाणार. बनुबाईचा पाय निघेना. टेम्पोत बसायच्या आधी हिरव्या बांगड्यांच्या भरल्या हातानं ती शिडीवर चढली आणि ढोलीच्या भोवती चांगली गोल, दाट, ओघळेपर्यंत काकवी लावून आली.

"दोन दिसांचं वाढून ठिवलंय, बाई," तिनं भिंतीवरून सांगितलं. "तुमी नुसतं बघा."

सुचित्रानं बघितलं. संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं.

सकाळी ती चहा गाळत होती तेव्हा परसातून असा कर्कश ओरडा आला, की गाळणं हातातून पडलं. ती धावत भिंतीपाशी गेली. नर ढोलीच्या तोंडाशी लटकला होता. आत शिरत होता, लगेच बाहेर पडत होता, पाय झटकत होता. मादी भोवती घिरट्या घालत किंचाळत होती. खोडावर, जमिनीपासून थेट वरपर्यंत, परकराच्या नाडीएवढी जाड लाल रेघ. रेघ हलत होती. काकवीच्या कड्याशी ती फुटली होती आणि तिची एक धार सरळ ढोलीत चालली होती.

मुंगळे नव्हेतच हे! बारीक, लाल, चावऱ्या मुंग्या!

सुचित्राला क्षणभर कळेचना की हे काय बघतोय आपण. बोलावलं होतं मुंगळ्यांना. या कुठून आल्या? पण गोडाला काय आमंत्रण-पत्रिका असते? जो येईल तो येईल. इतकी साधी गोष्ट! इतकी साधी गोष्ट दोघींपैकी एकीच्याही डोक्यात येऊ नये? पलीकडे जाऊन, रेघ चुकवून, तिनं खोडाला कान लावला. शिवणयंत्र चालू होतं. मध्येच तुटत होतं, पुन्हा चालू होत होतं.

तिनं सुनीलला फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

"मुंग्या? कसल्या मुंग्या? बाई, नवरदेव घोड्यावर बसतोय हितं!"

"आईला दे फोन. दे म्हणते ना!"

बनुबाई फोनवर आली.

"बनुबाई, लाल मुंग्या लागल्यात. आत चालल्यात. ढोलीत."

पलीकडून बँडचाच आवाज आला. मग फोन बंद झाला.

सुचित्रानं खोडाभोवती राख टाकली. खालून येणाऱ्या थांबल्या, पण वर होत्या त्या वरच. लोखंडी शिडी ओढून लावली आणि ती चढायला लागली. तिसऱ्या पायरीवर गुडघ्यानं दगा दिला. हात वर करून झाडूनं रेघ मोडायचा प्रयत्न केला. मोडलेली रेघ पुन्हा जुळली. आपल्याला जमत नाही, अशी गोष्ट तिच्या आयुष्यात फारशी आली नव्हती. ती शिडी धरून तशीच उभी राहिली आणि आतला आवाज ऐकत राहिली. नंतर तो ऐकू येईना, तरी उभीच राहिली.

टेम्पो दारात थांबला आणि बनुबाई उतरली ती लग्नाच्या शालूतच. कपाळावरच्या कुंकवात अक्षतेचा तांदूळ चिकटलेला. शालूचा घोळ वर खोचला आणि शिडी चढली.

"आई, हात नको घालू, चावतील!" सुनील ओरडला.

तिनं ढोलीत हात घातला. नव्या बांगड्या आडव्या आल्या, तर तिनं मनगट खोडावर आपटलं. काचा खाली आल्या. नवरा जिवंत असलेल्या बाईनं, लग्नघरातून येऊन, स्वतःच्या हातानं हिरव्या बांगड्या फोडाव्या! सुचित्रा देवधर्म फारसा मानणारी नव्हती, पण तिच्याही तोंडून "अहो!" निघून गेलं.

एक पिल्लू बाहेर आलं. मग दुसरं. तिसरं. शालूच्या पदरात घेऊन ती खाली उतरली आणि पायरीवर बसली. नुकतीच पिसांची काटेरी टोकं फुटू लागलेले जीव. त्यांच्या अंगावर मुंग्या होत्या असं म्हणवत नाही, नुसत्या मुंग्याच दिसत होत्या. बनुबाईचा हात कोपरापर्यंत लाल झाला होता. सुनील तो झाडायला गेला तर तिनं त्याला कोपरानं ढकललं.

तिघांतल्या शेवटच्यानं चोच उघडली. खायला मागताना उघडतात तशी.

बनुबाईनं आजूबाजूला बघितलं. काहीतरी द्यायला हवं, काहीतरी हवं हाताशी, म्हणून खरंच बघितलं तिनं! पायरीवर, अंगणात, सुचित्राच्या हातांकडे. चोच तशीच उघडी राहिली. ती मिटलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुचित्रा तिच्याकडे गेली. बनुबाई ओसरीवर बसली होती, हात सुजलेला, त्यावर हळदीचा लेप. सुचित्रा खुर्चीवर बसली. मग तिच्या लक्षात आलं. बनुबाई चहाचं बोललीच नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात सुचित्रासमोर काहीही आलं नव्हतं. पाणीसुद्धा.

कानिफनाथ आतून आले. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसे मोठ्यानं बोलले, "कालपासून ताट वाढलं न्हाई हिनं. ह्या घरात आल्यापास्नं पयल्यांदा. सून वाढतीया. ही हातच लावंना कशाला."

"हात दुखत असेल," सुचित्रा म्हणाली.

"हात न्हाई दुखत," बनुबाई म्हणाली.

निकितानं चहा आणला. कपात साखर होती. सुचित्रा तो मुकाट्यानं प्यायली.

काही दिवस असेच गेले. सुचित्राला हे सहन होईना. तिनं मनात बनुबाईला खरमरीत पत्रं लिहिली: हा काय पोरकटपणा, पाखराची पिल्लं मरतात, साप खातो, कावळा खातो, जगात रोज मरतात. पण या वेळी तोंड काही सुटेना. सुनील घरी आला की आई त्याच्याकडे बघून म्हणायची, "घे तुज्या हातानं." भिकारी दारात आला, तर ही उठून आत गेली. गल्लीतल्या मांजरी भिंतीवर येऊन बसायच्या आणि निघून जायच्या. कुणी तिला दोष दिला नाही. देणार कोण? आणि तिला तो मिळाला असता तर कदाचित बरं वाटलं असतं.

एकदा सुचित्रा कपडे वाळत घालत होती, तेव्हा बनुबाई भिंतीपाशी आली. त्या दिवसानंतर आपणहून येण्याची ती पहिलीच वेळ.

"बाई, तुमच्या कालिजात त्ये किड्या-मुंग्यांचं शिकिवनारे हुते ना कोन? तुमी सांगायच्या."

"अवधूत. प्राणिशास्त्राचे. आता नगरला असतात."

"त्यान्ला इचाराल का?"

"काय?"

बनुबाईनं भिंतीवरचा एक सुटा दगड नीट बसवला. "त्या लाल मुंग्या अशाच गेल्या आस्त्या का ढोलीत? मी काय लावलं नसतं, तरी? जात्यात का त्या आपसूक? का माज्या काकवीनंच..."

"विचारते," सुचित्रा म्हणाली. "आजच विचारते."

'आज करते' म्हटलेलं काम या बाईनं उद्यावर कधी टाकलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती फोन घेऊन बसली आणि अवधूतचा नंबर काढला. मग तिला वाटलं, त्याला विचारलं तर तो सांगेल. आढेवेढे न घेता सांगेल, कारण प्रश्न साधा आहे. आणि मग ते भिंतीवरून तसंच्या तसं सांगावं लागेल, कारण खोटं बोललेलं बनुबाईला ताबडतोब कळतं. लहानपणापासून पाहुण्यांची तोंडं वाचत आलेली बाई ती. तिनं फोन ठेवला. उद्या बघू म्हणाली. उद्याचंही तसंच झालं. आपण, सुचित्रा मुळे, एका फोनला घाबरतो आहोत, हे तिला स्वतःलाच खरं वाटेना.

मेमध्ये अवधूतचाच फोन आला. नातवाची, अर्णवची मुंज होती, यायलाच हवं. फोन मोठ्या आवाजात होता आणि बनुबाई पलीकडे भांडी घासत होती.

"कोन हुतं?" तिनं भिंतीवरून विचारलं.

"अवधूत. मुंजीचं बोलावणं."

बनुबाईचा भांड्यावरचा हात थांबला. "जानार?"

"जाते."

"जा," बनुबाई म्हणाली.

नगरला मुंज थाटात झाली. अवधूत हातात ताट घेऊन चांगला अर्धा तास सुचित्राच्या शेजारी उभा होता. मोतीबिंदूचं बोलला, जुन्या प्राचार्यांचं बोलला, 'तुमच्याकडे पक्षी येतात का अजून?' असंही त्यानंच विचारलं. येतात, म्हणाली सुचित्रा, आणि मुंग्यांचं न विचारताच मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली.

ती परत आली तेव्हा बनुबाई भिंतीपाशी उभी होती. मुद्दामच उभी असणार, हातात रिकामी बादली घेऊन. सुचित्रानं पर्स खुर्चीवर टाकली आणि तीही भिंतीशी गेली. 

"काय काय वाढलं हुतं?" बनुबाईनं विचारलं.

"मसालेभात. अळूची भाजी. जिलबी, मठ्ठा."

"भातावर तूप?"

"होतं."

"पंगत हुती का आपलं उभ्यानं?"

"उभ्यानंच. आपल्या हातानं घ्यायचं."

"मंग काय जेवान त्ये," बनुबाई म्हणाली. बादली तिनं या हातातून त्या हातात घेतली. "आन्?"

"आणि काय," सुचित्रा म्हणाली, "पान होतं. मघई."

"आस्सं," बनुबाई म्हणाली, आणि पाणी भरायला वळली.